फाट्यावरची पाटी : वस्तीवर रुग्णवाहिका वेळेत पोचावी म्हणून

मोहोळ तालुक्यातल्या एकाने विचारलंय : "आई-वडील गावापासून तीन किलोमीटरवर शेतातल्या वस्तीवर राहतात, मी पुण्यात नोकरीला. गेल्या महिन्यात रात्री वडिलांच्या छातीत कळ आली. गाडी गावापर्यंत वेळेत आली, पण वस्ती सापडायला पाऊण तास गेला. वडील आता बरे आहेत. घरावर मोठा नंबर लावायचा विचार आहे. कसली पाटी घेऊ? लाइटवाली घेऊ का?"

वडील बरे आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. मी अकरा वर्षं मोहोळ, माढा आणि उत्तर सोलापूर भागात रुग्णवाहिकेवर पायलट होतो. (आमच्याकडे चालकाला पायलट म्हणतात.) आता गाडी सोडली आहे आणि वस्त्यांना पाट्या लावून देण्याचं काम करतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण पूर्ण वाचा. घरावर पाटी लावून तुमचे पैसे जातील आणि अडचण तशीच राहील, असं मला वाटतं.

तो पाऊण तास नेमका कुठे गेला, हे एकदा वडिलांना किंवा शेजाऱ्यांना विचारून घ्या. माझ्या अनुभवात तो घरासमोर कधीच जात नाही. दारापर्यंत आलेल्या पायलटला घर सापडतंच, कारण दारात माणसं उभी असतात, आत दिवा असतो. वेळ जातो तो डांबरी सोडून आत कुठे वळायचं हे न कळल्याने, आणि पुढे पाणंदीला (शेतातून जाणाऱ्या कच्च्या वाटेला) दोन वाटा फुटतात तिथे. चुकीच्या वाटेला लागलं की गाडी वळवायला जागा मिळेपर्यंत अर्धा किलोमीटर पुढे जावं लागतं, आणि तेवढंच मागे यावं लागतं. अशा दोन चुका झाल्या की अर्धा तास गेलाच. म्हणून पहिली पाटी फाट्यावर, दुसरी वाट फुटते तिथे आणि तिसरी घराला. पैसे एकाच पाटीचे असतील तर ती फाट्यावर लावा.

हे मला कसं कळलं ते सांगतो. डिसेंबरातली रात्र होती, गाळप हंगाम जोरात. एका वस्तीवरच्या म्हाताऱ्या बाबांना दम लागला होता. घरात आजी एकट्या, फाट्यावर पाठवायला कोणी नाही. फोनवर त्या एकच सांगत होत्या, "चिंचेपासून आत या." आम्ही त्या रस्त्यावरून तीनदा गेलो. दोन्ही बाजूंना दहा-बारा फुटी ऊस, त्याच्या मागे चिंच दिसणार कशी? घराचा दिवा तर उसाने पूर्णच झाकलेला. तिसऱ्या खेपेला आमच्या हेडलाइटमध्ये लांबवर दोन लाल ठिपके चमकले. तोडणीवाल्यांची बैलगाडी फाट्यावर सोडलेली होती आणि तिच्या मागे रेडियमचे तुकडे चिकटवलेले होते. गाडीखाली झोपलेल्या माणसाला उठवलं, त्याने वाट दाखवली. बाबा वाचले. पण परतताना माझ्या डोक्यात एकच होतं : बारा-पंधरा रुपयांच्या रेडियमने बैलगाडी दीडशे पावलांवरून दिसते, आणि ज्या घरात माणूस तळमळतोय ते घर दिसत नाही.

आता मुळात पत्ता का नाही, ते थोडक्यात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मिळकतीचा नंबर असतो, पण तो कर आकारणीसाठी. नोंदवहीत ४१२ च्या शेजारी ४१३ असला तरी जमिनीवर ती दोन घरं दोन टोकांना असू शकतात. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, पण ती मोजणी गावठाणाची. शेतातली वस्ती गावठाणाबाहेर, म्हणून तिला सातबाऱ्यावरच्या गट नंबराशिवाय काही नाही. आणि गट नंबर तलाठ्याला कळतो, रात्री दोन वाजता गाडी चालवणाऱ्याला नाही. जनगणनेवाले दारावर आकडा लिहून जातात, तो त्यांच्या कामापुरता.

दुसरी गोष्ट, फोन कोण उचलतं. १०८ ची सेवा राज्यात २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरू झाली, ११२ महाराष्ट्रात २०२१ ला आलं. या दोन्ही ठिकाणी तुमचा फोन गावात किंवा तालुक्याला वाजत नाही, सगळ्या राज्याचे फोन घेणाऱ्या केंद्रात वाजतो. तिथल्या मुलीने तुमचं गाव कधी पाहिलेलं नसतं. तिला कानावर पडेल तेच ती टाइप करणार. "बार्शी" म्हटलं की अकोला जिल्ह्यातलं बार्शीटाकळी पण आहे. "कुर्डू" आणि "कुर्डुवाडी" ही एकाच माढा तालुक्यातली दोन वेगळी ठिकाणं. शेटफळ मोहोळलाही आहे, करमाळ्यालाही. टाकळी तर किती आहेत ते मोजत बसू नये. घाबरलेला माणूस फोनवर गावाचं नाव सांगतो आणि तालुका सांगत नाही, कारण त्याच्यासाठी गाव एकच असतं. म्हणून पहिले दोन शब्द जिल्हा आणि तालुका, मग गाव, मग फाटा, मग नंबर. हा क्रम घरातल्या सगळ्यांच्या तोंडात बसला पाहिजे.

आणि आता नंबराकडे. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

"एक, दोन, तीन" असे नंबर टाकू नका. दोन आणि तीनच्या मध्ये उद्या भावाने घर बांधलं की "दोन अ" करावं लागतं, परवा "दोन अ एक". ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या ग्रामीण भागात वेगळी रीत आहे आणि ती आपल्या पाणंदीला अगदी फिट बसते. रस्ता जिथे सुरू होतो तिथपासून घराच्या फाटकापर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजायचं, त्याला दहाने भागायचं, तो घराचा नंबर. डाव्या हाताला विषम, उजव्या हाताला सम. म्हणजे डांबरी सोडल्यापासून १२४० मीटरवर उजवीकडे फाटक असेल तर नंबर १२४. समोर डावीकडे असेल तर १२५. नव्या घराला त्याच्या अंतराचा नंबर आपोआप मिळतो, जुन्यांना हात लावावा लागत नाही.

याचा पायलटला काय फायदा? १२४ ऐकलं की मी किलोमीटरच्या काट्याकडे बघतो. सव्वा किलोमीटर आत जायचं, उजव्या हाताला बघायचं. एकाही पाटीवर आकडा दिसला नाही तरी कुठे थांबायचं हे मला माहीत असतं. नुसता नंबर असूनही तो वाट सांगतो. मोजायला मोटारसायकलचा काटा चालतो, फक्त तो शंभर मीटरच्या टप्प्यानेच पुढे सरकतो, म्हणून शेवटचं अंतर टेपने किंवा पावलांनी मोजा.

या पद्धतीचा आणखी एक गुण मला काम करताना कळला. गावात पाटी लावायची म्हटली की पहिला वाद नावावरून होतो. थोरल्याच्या नावाची वस्ती की धाकट्याच्या? आजोबांचं नाव द्यायचं तर चुलते म्हणतात, आमचं का नको? वर २०२० च्या डिसेंबरात शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तो योग्यच होता, पण नवं नाव पाटीवर आणि जुनं लोकांच्या तोंडात, असं काही वर्षं चालणार. अंतराच्या नंबराला भावकी नसते. १२४ म्हणजे १२४. एका गावात दोन वर्षं अडलेलं काम नाव सोडून आकडे धरल्यावर एका बैठकीत मिटलं.

फाट्याला मात्र नाव हवं, आणि ते पूर्ण रस्त्याचं हवं. जे लोक बोलतात तेच लिहा : "तळ्याची पाणंद", "डीपी फाटा", "जुनी विहीर रस्ता". हे नाव गावाच्या हद्दीत दुसरीकडे नसावं एवढं बघा. "डीपी फाटा" एकाच गावात चार निघतात.

पाटी कसली, हे तुमचं खरं विचारणं. लाइटवाली घेऊ नका. रात्री लाइट गेली की ती मुकी, आणि सोलरवालीची बॅटरी दोन पावसाळ्यांत संपते. पाटीला स्वतःचा उजेड नको, गाडीचा उजेड परत फेकता आला पाहिजे. त्यासाठी नंबर प्लेटवाल्याकडे मिळणारं रेडियम पुरतं. पण दुकानात दोन गोष्टी एकाच नावाने विकतात. एक खरं परावर्तक, दुसरं नुसतं रंगीत चकचकीत स्टिकर. दिवसा दोन्ही सारखेच दिसतात. तुकडा घरी आणा, रात्री भिंतीला चिकटवा, तीस पावलं लांब जा आणि हातातली बॅटरी (टॉर्च) डोळ्याशेजारी कानशिलाला धरून त्यावर मारा. खरं असेल तर दिवा लागल्यासारखं चमकतं, खोटं मळकट दिसतं. बॅटरी डोळ्याजवळच हवी, कमरेशी धरली तर ही परीक्षा होत नाही.

आकड्याची उंची किती? माझा ठोकताळा असा की एक इंच उंचीचा आकडा दहा-बारा मीटरवरून आरामात वाचता येतो. ताशी चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. वाचून, ब्रेक लावून वळायला चार-पाच सेकंद हवेत, म्हणजे पन्नास मीटरवरून दिसलं पाहिजे. तर फाट्यावरचा आकडा पाच इंचाचा करा, आत पाणंदीत गाडी सावकाश असते, तिथे तीन इंच चालतो. रेघ जाड ठेवा, अर्ध्या-पाऊण इंचाची, आणि दोन आकड्यांत बोटभर अंतर. निळ्यावर किंवा हिरव्यावर पांढरं, नाहीतर पिवळ्यावर काळं. लाल अक्षरं नकोत, रात्री ती काळी पडतात. नाव मराठीत लिहा पण आकडे इंग्रजी ठेवा. मराठी एक आणि नऊ धुळीने माखले की दुरून सारखेच दिसतात. शिवाय अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड बोलणारे चालक असतात, त्यांनाही आकडा लगेच लागतो. पाटी दोन्ही तोंडांनी हवी, गाडी पंढरपूरकडून येईल की सोलापूरकडून हे आधी माहीत नसतं.

लोखंडी अँगल उभा करू नका, महिन्याभरात भंगारात जातो. आपल्याकडे शहाबादी फरशी स्वस्त आहे, चार फूट उंच राहील अशी उभी गाडा, खाली सिमेंट-खडीचा कोबा करा. तिला कोणी हात लावत नाही, आणि तिच्यावर ऑइल पेंटचा हात मारून रेडियम चिकटवलं तर छान धरतं. फरशी आधी घासून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात कडा उचलतात. डांबरी रस्ता बांधकाम खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा असेल तर रस्त्याच्या हद्दीत गाडायला त्यांची परवानगी लागते. फाट्यावरच्या शेतमालकाच्या बांधावर, त्याला विचारून, गाडणं सोपं जातं.

जागा ठरवताना उन्हाळ्यातलं रान डोळ्यांपुढे ठेवू नका. मे महिन्यात लावलेली पाटी ऑगस्टपर्यंत उसात जाते. मंगळवेढ्याकडे मालदांडी ज्वारी पुरुषभर वाढते, तिथे डिसेंबर-जानेवारीचा प्रश्न. आणि वेडी बाभूळ तर बारमाही. पाटी पिकाच्या ओळीपासून रस्त्याच्या बाजूला निदान दोन हात पुढे असावी. एकदा गणपतीच्या सुमाराला आणि एकदा संक्रांतीला कोयता घेऊन समोरचं मोकळं करा आणि ओल्या फडक्याने रेडियम पुसा. धूळ बसलेलं रेडियम निम्मंसुद्धा चमकत नाही.

मोबाइलवरच्या नकाशाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असेल. लोकेशन जरूर पाठवा. प्लस कोड आहे, आणि डाक विभागाने २७ मे २०२५ पासून डिजिपिन आणलंय, दहा अक्षर-आकड्यांत साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन सांगणारं. तुमच्या घराचा तो काढून कागदावर लिहून ठेवा. पण या सगळ्यांनी जागा कळते, वाट कळत नाही. मला नकाशाने एकदा सीनेच्या नको त्या काठावर नेऊन उभं केलं होतं. समोर घराचा दिवा दिसत होता, मध्ये नदी. बंधाऱ्यावरून पलीकडे पायी जाता येत होतं, गाडी नाही. फिरून यायला किती वेळ गेला ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. उजनीच्या कालव्याशेजारी, चाऱ्यांच्या (कालव्यातून शेतात पाणी नेणाऱ्या फाट्यांच्या) आसपास हीच गत होते. म्हणून लोकेशन पाठवताना सोबत एक ओळ हवीच : "चारीच्या अलीकडून या" किंवा "बंधाऱ्यावरून गाडी येत नाही". आणि शक्य असेल तर पिन घरावर न टाकता फाट्यावर टाका.

इथून पुढचं तुमच्या परिस्थितीवर आहे. वाट काळ्या रानातून जात असेल तर पावसाळ्यात चार महिने पाटी कितीही चांगली असली तरी गाडी रुतणार. मग आधीच ठरवा की पाऊस असताना पेशंट कुठपर्यंत आणायचा, कशावर, कोणाच्या ट्रॅक्टरमधून, आणि फोनवर तीच जागा सांगा. वाटेत चारीवर मोरी (छोटा पूल) असेल तर तिची रुंदी मोजा. रुग्णवाहिकेला दहा फूट मोकळी वाट लागते, वरच्या फांद्याही नऊ-दहा फुटांपर्यंत छाटलेल्या हव्यात. ऊस पेटला तर येणारी अग्निशमनची पाण्याने भरलेली गाडी फार जड असते, जुन्या मोरीवर ती घालायला चालक तयार होत नाही, आणि तो बरोबर असतो. पाणंद खराब असेल तर शासनाच्या पाणंद रस्त्यांच्या योजनेतून तिचं काम धरता येतं का, हे ग्रामपंचायतीत विचारा.

वस्ती एकट्या घराची असेल तर तुम्ही एका सुट्टीत हे सगळं उरकाल. पाणंदीवर दहा-वीस घरं असतील तर एकट्याने करू नका. ग्रामसभेत ठराव मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जी जवळ असेल ती गाठा. ठरावात रस्त्याचं नाव आणि अंतरावरून नंबर देण्याची पद्धत, दोन्ही लिहून घ्या. मग त्या नंबरांची यादी पोलीस पाटील, आशाताई आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. गरोदर बाईला न्यायला १०२ ची गाडी बहुतेक तिथूनच निघते, आणि त्या चालकाच्या केबिनमध्ये यादी चिकटवलेली असली तर त्याला फोन करायचीही गरज पडत नाही. पाट्या लागल्यावर त्याला एकदा दिवसा आणि एकदा रात्री बोलवा, चहा पाजा, आणि गावातल्या कोणाचीही मदत न घेता घर शोधायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे आणखी एक बाणाची पाटी लागते. आपल्याला वाट पाठ असते, आपल्याला ती उणीव दिसत नाही.

गावात एक शंका हमखास निघते : नंबर लावला तर चोरांना घर सापडेल. ही भीती खोटी नाही, वस्तीवरच्या एकट्या घरांवर दरोडे पडलेत. म्हणून पाटीवर माणसाचं नाव, मोबाइल नंबर काही लिहू नका. नुसता १२४ कोणाचा, किती म्हातारे, घरात काय, यातलं काही सांगत नाही. उलट ११२ वर फोन केला तर पोलिसांची गाडीही याच आकड्याने येते.

तुम्ही पुण्यात आहात म्हणून आणखी एक. आईला फोनवर काय बोलायचं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दारामागे लावा. असं काहीतरी : "जिल्हा सोलापूर, तालुका मोहोळ, गाव अमुक. तळ्याची पाणंद, डांबरीपासून सव्वा किलोमीटर आत, उजव्या हाताला, नंबर १२४." पाटीवर जे आहे तेच शब्द कागदावर हवेत, एकाचा फरक नको. पाटीवर "तळ्याची पाणंद" आणि आईच्या तोंडी "माळावरचा रस्ता" असं झालं तर पुन्हा तेच. पुढच्या फोनवर तिच्याकडून ते म्हणून घ्या, दोन-चार वेळा. तुम्हालाच फोन आला आणि पुण्यातून तुम्ही १०८ ला कळवलं, तरी तोच कागद वाचा आणि गाडीसाठी नंबर आईचा द्या. पायलट वाटेत फोन करतो, तेव्हा तिचा फोन नातेवाइकांशी बोलण्यात गुंतलेला नको.

थोडक्यात या रविवारी गावी गेलात तर एवढं होईल : मोटारसायकलने अंतर मोजा, नंबर काढा, फाट्यावरच्या शेतमालकाशी बोला, दोन शहाबादी फरश्या आणि हातभर रेडियम आणा, रात्री बॅटरी मारून बघा, कागद दारामागे लावा. बाकी ग्रामसभेला.

तुमच्या वाटेवर चारी लागते का आणि मोरी दगडी आहे की पाइपांची, तेवढं कळवा. पाइपांची असेल तर फरशी गाडण्याआधी मला तिचा फोटो पाठवा, कदाचित फाटाच दुसरा धरावा लागेल.